अंदमानच्या खोल समुद्रात दिवसभर मासेमारी: पुण्याहून जाणाऱ्यांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमानं करायचं

पुण्यात गळाचा नाद असलेली मंडळी भरपूर आहेत. उजनीवर चिलापी आणि कटल्यासाठी रात्र काढणारे, पवनेच्या कडेला खुर्ची टाकून बसणारे, सुट्टीत मालवणात गरवायला जाणारे. यातले बरेच जण हल्ली चार-पाच जणांचा ग्रुप करून अंदमानला दिवसभराची बोट घेतात. त्यातले निम्मे दुपारी बाराच्या सुमारास डेकवर आडवे झालेले असतात आणि उरलेल्यांचे मासे सुटलेले असतात. दोन्हींची कारणं ठरलेली आहेत. गोळी उशिरा घेतली, ड्रॅग (किती ओढीला रीलमधून दोरी सुटावी ती घट्टाई) हाताच्या अंदाजानं लावला, रील नको त्या वेळी फिरवलं. म्हणजे गोष्टी माहीत असतात, पण क्रम चुकतो. म्हणून हा लेख क्रमानं लिहिला आहे. तुम्ही मालदीव किंवा लक्षद्वीपला जाणार असाल तरी बोटीवरचा भाग तसाच लागू होतो. कागदपत्रांचा फरक त्या-त्या जागी दिला आहे.

1. तारीख ठरवणं

अंदमानात मोठ्या माशांसाठी साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ धरतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समुद्र खवळवतो. शिवाय पूर्व किनारा आणि अंदमानसाठी 15 एप्रिल ते 14 जून असा मासेमारीबंदीचा काळ असतो. या काळाच्या आसपासची तारीख घेत असाल, तर आपल्या बोटीला नियम कसा लागू होतो ते चालकाकडून लेखी घ्या आणि मगच विमानाची तिकिटं काढा. उलट क्रमानं करणारे दरवर्षी भेटतात.

पुढचा प्रश्न तिथीचा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त असते. अष्टमीच्या सुमारास भांग, ओढ कमी. जायंट ट्रेव्हली, म्हणजे सगळे ज्याला नुसतं जीटी म्हणतात तो मासा, खडकाच्या कडेला वाहत्या पाण्यात शिकार करतो. त्यामुळे पॉपिंग, म्हणजे पाण्यावर आपटत आणायची लूर (खोटं आमिष) फेकणं, करायचं असेल तर उधाणाच्या जवळचे दिवस बघा. खोल पाण्यात जिगिंग, म्हणजे जिग (धातूची जड लूर) तळापर्यंत सोडून मासेमारी, करायचं असेल तर फार ओढ त्रासदायक ठरते, जिग सरळ खाली जातच नाही. कोकणात तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब कोकणाचा आहे, अंदमानात लावू नका. तिथलं भरती-ओहोटीचं कोष्टक वेगळं असतं आणि ते चालकाकडे असतं.

आता सहलीत बोटीचा दिवस कुठे ठेवायचा? पोचलात त्या दिवशी नाही आणि शेवटच्या दिवशीही नाही. पुण्याहून पोर्ट ब्लेअरला जाताना बहुधा चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्यात विमान बदलावं लागतं, त्यामुळे झोपेचं खोबरं झालेलं असतं. शेवटच्या दिवशी बोट ठेवली आणि वारा सुटला, तर पुढे ढकलायला दिवसच उरत नाही. दुसरा किंवा तिसरा दिवस घ्या आणि त्यानंतरचा एक दिवस मोकळा ठेवा. तिकिटावर पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील यांची श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप ही नवी नावं दिसली तर गोंधळू नका.

2. बोट ठरवताना विचारायचे प्रश्न

भाडं साधारणपणे अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नसतं. म्हणून सहा जण कोंबून खर्च वाटून घ्यायचा मोह होतो. पॉपिंगसाठी एका वेळी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, एक, फार तर दोन माणसं उभी राहू शकतात. पंचवीस-तीस फुटी बोटीवर चार मासेमार म्हणजे भरलेली बोट. त्यापुढची माणसं भाडं भरून प्रेक्षक होतात.

फोनवर हे विचारा आणि उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा:

- पूर्ण दिवस म्हणजे जेट्टी सोडल्यापासून किती तास? त्यातले जायला-यायला किती?
- इंजिनं किती? दोन असलेली बरी. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर परत येता येतं.
- व्हीएचएफ रेडिओ, प्रत्येकाच्या मापाची लाइफ जॅकेट, प्रथमोपचाराची पेटी, सावली, शौचालय आहे का? शेवटच्या दोन गोष्टी गृहीत धरू नका. बऱ्याच वेगवान बोटींवर शौचालय नसतं.
- मासेमारीचा परवाना बोटीच्या भाड्यात आहे का?
- रॉड-रील त्यांचे की आपले? लूर तुटून गेली तर पैसे कोणी भरायचे? एक चांगला पॉपर (पॉपिंगची लूर) हजारोंच्या घरात जातो आणि दिवसात दोन-तीन सहज जातात.
- हवामानामुळे रद्द झालं तर आगाऊ रक्कम परत की तारीख बदलून?
- पकडलेला मासा कोणाचा? बरेच चालक मोठा मासा सोडायलाच लावतात. ते मान्य नसेल तर आधीच सांगा, समुद्रात वाद घालू नका.

बोट कुठे जाणार हेही विचारा. बॅरन आयलंड, म्हणजे भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे 138 किलोमीटरवर आहे. फोटो बघून सगळ्यांना तिथेच जायचं असतं. पहिल्याच सहलीत तो हट्ट नको. लांबचा प्रवास, जास्त इंधन आणि जोरात आदळणारी बोट नवख्याला झेपत नाही.

> सावधान: वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात मासेमारी करता येत नाही. नॉर्थ सेंटिनल बेटाभोवतीच्या पाच सागरी मैलांत जायलाच बंदी आहे. "लांबून बघून तरी येऊ" असं चालकाला म्हणूही नका, आणि तो स्वतः तयार होत असेल तर बोट बदला.

3. कागदपत्रं, आणि काय न्यायचं नाही

मूळ ओळखपत्र वॉटरप्रूफ पिशवीत घालून बोटीवर न्या. तपासणी समुद्रातही होते आणि मोबाइलमधला फोटो दाखवायला तिथे बॅटरी उरलेली असेलच असं नाही. रोख पैसेही ठेवा. बेटांवर नेटवर्क हुलकावणी देतं आणि यूपीआय ऐन वेळी गोल-गोल फिरत राहतं.

लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो. तो हातात आल्याशिवाय कोची-अगत्ती विमानाचे पैसे भरू नका. मालदीवमध्ये भारतीयांना पोचल्यावर पर्यटक व्हिसा मिळतो, पण प्रवासाआधीच्या 96 तासांत ऑनलाइन घोषणापत्र भरावं लागतं. बॅगेतून दारू नेता येत नाही, हे ग्रुपमधल्या 'त्या' मित्राला वेगळं बसवून सांगा.

आयटीतल्या मंडळींसाठी खास: परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर बरोबर घेऊ नका. भारतात तो परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर लोकांना त्यासाठी थांबवलेलं आहे. सुरक्षेसाठी घेतलेली वस्तू थेट पोलीस चौकीत नेते. ड्रोनचंही तेच, परवानगीशिवाय नको.

सामानात गळ, जिग, पक्कड आणि सुरी चेक-इन बॅगेत, तर पॉवर बँक केबिनमध्ये. जिग प्रत्येकी 150 ते 300 ग्रॅमचे असतात. दहा जिग घेतले की देशांतर्गत विमानातल्या 15 किलोंपैकी दोन-अडीच किलो तिथेच संपतात. एकसंध सात-आठ फुटी रॉड असेल तर विमान कंपनीला लांबी आधी कळवा. पीव्हीसी पाइपमध्ये घातलेला रॉड काउंटरवर अडकला की उड्डाण चुकायची वेळ येते. पहिल्या सहलीला चालकाचेच रॉड-रील वापरा. आपला मासा नक्की कोणता हे कळण्याआधी पन्नास-साठ हजारांचं रील घेणं मला पटत नाही.

4. घरी करायचा सराव

हा भाग सगळे टाळतात. नवख्यांचे मासे सुटतात त्यातले बरेचसे इथेच सुटलेले असतात.

*ड्रॅग मोजणं.* धरणावरच्या सवयीनं आपण दोरी बोटांनी ओढून "ठीक आहे" म्हणतो. इथे ते चालत नाही. बॅग तोलायचा डिजिटल काटा घ्या. दोरी रॉडच्या सगळ्या रिंगांतून काढा, टोकाला काटा अडकवा, मित्राला ओढायला सांगा आणि रॉड वाकलेला असताना किती किलोला दोरी सुटते ते बघा. दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, हा नियम. पीई 8 जाडीची वेणीची दोरी साधारण 45 किलोला तुटते, म्हणजे पाव धरला तर सुमारे 11 किलो. काट्यावर 11 किलो बघणं आणि ते हातात पेलणं यात फार अंतर आहे. नवख्यानं 7-8 किलोंवर सुरुवात करावी.

*पेलण्याचा सराव.* पाच लिटर पाणी भरलेली बादली दोरीला बांधा आणि गच्चीवर रॉडनं ती जमिनीपासून वीतभर उचलून धरा. हात सरळ, रॉडचं बूड पोटाशी, जोर पाय आणि कमरेतून. एक मिनिट जमलं तरी पुष्कळ. हात थरथरले की कळतं, मासा हातांनी ओढायचा नसतो. महिनाभर पर्वतीच्या पायऱ्या किंवा रविवारचा सिंहगड केलात तर त्याचा उपयोग जिममधल्या बायसेपपेक्षा जास्त होईल. डोलणाऱ्या बोटीवर आठ तास उभं राहायचं असतं.

*फेकण्याचा सराव.* मोकळं मैदान, सकाळची वेळ, लूरचे गळ काढून टाकलेले. धरणावर हा सराव करू नका, तिथे माणसं असतात आणि ठेकेदाराशी वादही. मागे बघणं, रीलची बेल (दोरी अडवणारी तार) उघडी आहे का बघणं, रॉडच्या टोकाला दोरीचा वेढा पडलेला नाही ना बघणं आणि मगच डोक्यावरून फेक: या चार गोष्टी त्याच क्रमानं अंगवळणी पडल्या पाहिजेत. टोकाला वेढा असताना 120 ग्रॅमचा पॉपर जोरात फेकला की दोरी तरी तुटते, नाहीतर रॉडचं टोक तरी जातं.

*गाठ.* वेणीची दोरी आणि जाड लीडर (गळाकडचा दोरीचा तुकडा) जोडायला एफजी गाठ शिका. घरी, पंख्याखाली, शांतपणे वीसेक वेळा बांधा. बांधून झाल्यावर दोन्ही टोकं कापडात गुंडाळून जीव खाऊन ओढा. घसरली तर पुन्हा. हे नको असेल तर सरळ खलाशाला बांधू द्या, त्यात कमीपणा नाही. अर्धवट शिकलेली गाठ मात्र अजिबात नको.

> तपासा: धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली? आठवत नसेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. गळ, माशाचे दात आणि गंजलेलं लोखंड, तिन्ही बोटीवर असतात.

5. बोट लागणं

ताम्हिणी किंवा वरंध घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना बोट लागणार, हे जवळजवळ नक्की धरा. पण घाटात ठणठणीत असलेल्यांनीही फुशारकी मारू नये. बोट चालू असताना त्रास कमी होतो. ती थांबून लाटांवर डोलायला लागली आणि तुम्ही मान खाली घालून गाठ बांधायला बसलात की पोट ढवळतं.

गोळीचा क्रम असा. आपल्याकडे बहुतेक जण अ‍ॅव्होमिन घेतात, म्हणजे प्रोमेथाझिन. ती आदल्या रात्री झोपताना घेतली तर चांगली लागू पडते. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर बहुधा उलटीबरोबर बाहेर येते. तिनं गुंगी येते. म्हणून पुण्यात असतानाच एखाद्या रविवारी घेऊन बघा, आपल्याला किती झोप येते ते कळेल. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा झोपेची-मनाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. आणि गोळीबरोबर दारू नको, एक पेगसुद्धा नको.

खाण्यात दोन टोकं टाळा. उपाशीपोटी निघणारे आधी पडतात. मिसळ-पाव, पुरीभाजी हाणून निघणारे थोडे नंतर. दोन इडल्या, टोस्ट, साधी खिचडी, असं काहीतरी निघण्याच्या तासभर आधी. खिशात आलेपाकाच्या वड्या ठेवा, चघळत राहायला बऱ्या.

बोटीवर उभं राहायची जागा मध्यापासून मागे, कारण नाळ सर्वांत जास्त उडते. पण एक्झॉस्टच्या धुरात नको. नजर क्षितिजावर. मोबाइल खिशात. मळमळतंय असं वाटताच खलाशाला सांगा, लाजू नका. बोट पाचच मिनिटं चालवली तरी पुष्कळांना उतार पडतो. उलटी आलीच तर वारा येतोय त्या बाजूला तोंड करू नका, आणि एका हातानं कठडा धरूनच वाका.

माझं मत विचाराल तर अंदमानवर पैसे घालण्याआधी एका थंडीत मालवण किंवा रत्नागिरीहून अर्ध्या दिवसाची बोट घ्या. तिथे सुरमई लागली तर उत्तमच. नाही लागली तरी आपलं पोट समुद्रात कसं वागतं ते स्वस्तात कळतं.

6. आदली संध्याकाळ

हवामान बघताना नुसता पाऊस बघू नका. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज उघडा आणि तीन आकडे घ्या: वाऱ्याचा वेग, लाटेची उंची आणि दोन लाटांमधला अवधी. वारा 15 नॉटच्या आत, म्हणजे ताशी साधारण 28 किलोमीटरपर्यंत, असेल तर छोट्या बोटीवर काम करता येतं. दीड मीटरची लाट बारा सेकंदांच्या अंतरानं येत असेल तर बोट संथ वर-खाली होते. तीच लाट पाच सेकंदांनी येत असेल तर दिवसभर कंबर मोडते. लोक उंचीचाच आकडा बघतात आणि इथे फसतात. चालक "नको" म्हणाला तर नको, पैसे भरले आहेत हे कारण समुद्राला सांगता येत नाही.

कपडे आत्ताच काढून ठेवा. लांब बाह्यांचा उन्हाचा शर्ट, मानेभोवती बफ, दोरी बांधलेली टोपी, पोलराइज्ड चष्मा, पकडीचे हातमोजे आणि न घसरणारे, डेकवर काळे डाग न पाडणारे बूट. सनस्क्रीन निघण्याआधी अर्धा तास लावा आणि हात साबणानं धुवा, आमिषाला त्याचा वास लागू नये म्हणून. डास पळवायच्या ज्या मलमांत डीट असतं ती दोरी आणि प्लॅस्टिक खराब करतात, तीही लावून झाली की हात धुवायचे.

माणशी तीन-चार लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं. दुपारी तहान लागली की पाणी पिऊ असं ठरवू नका, तासाला दोनदा थोडं-थोडं प्या. केळी नेणार असाल तर चालकाला विचारा. जगभरच्या मासेमारी बोटींवर केळं अपशकुनी मानतात आणि काही जण ते खरंच पाण्यात फेकून देतात. आपल्या एकादशीवाल्यांची पंचाईत होते खरी.

गजर पहाटेचा लावा, पण पुण्याच्या घड्याळाचा अंदाज नको. अंदमान इतकं पूर्वेला आहे की डिसेंबरच्या आसपास सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. बोटीला उजेडात परतायचं असतं. साडेपाचला जेट्टीवर म्हटलं तर साडेपाचलाच. तुम्ही उशीर केलेला एक तास संध्याकाळी कोणी परत देत नाही.

7. जेट्टीवरचा पहिला अर्धा तास

सामान चढवून फोटो काढायच्या आधी चालकाकडून पाच गोष्टी दाखवून घ्या: लाइफ जॅकेट कुठे आहेत आणि कसं बांधायचं, रेडिओ कोणता, अग्निशामक कुठे, प्रथमोपचाराची पेटी कुठे, माणूस पाण्यात पडला तर कोण काय करणार. शेवटच्याचं उत्तर सोपं आहे. एकानं फक्त हाताचं बोट दाखवत पडलेल्या माणसावर नजर खिळवून ठेवायची, बाकी चालक बघेल.

मग पाळी ठरवा. ट्रोलिंगमध्ये (चालत्या बोटीमागे लूर ओढत नेताना) रॉड वाजला की कोण धरणार, हे चिठ्ठ्या टाकून आत्ताच ठरवा. समुद्रात रील किंचाळत असताना "तू घे, तू घे" असा पुणेरी आग्रह सुरू झाला की मासा थांबत नाही.

> तपासा: प्रत्येक रीलचा ड्रॅग काट्यानं मोजला? गळांचे उलटे काटे पकडीनं दाबले? दारूच्या बाटल्या हॉटेलवरच राहिल्या?

8. ट्रोलिंग

लूर मागे सोडून बोट 6 ते 8 नॉटनं चालत राहते. वाहू, माही-माही, टुना, सेलफिश असे मासे यात लागतात. इथे तुमचं काम थोडं आणि तेच लोक जास्त करतात.

रॉड वाकला की झटका देऊ नका. बोटीच्या चालण्यानंच गळ बसतो. चालक काही क्षण वेग तसाच ठेवतो, खलाशी बाकीचे रॉड गुंडाळतात. तोवर लढाऊ पट्टा कमरेला बांधा. मग रॉड खोबणीतून उचला, बूड पट्ट्यात रोवा आणि दोरी ताणलेलीच ठेवा. ड्रॅगच्या लिव्हरला हात लावायचा नाही. मासा पळत असताना घाबरून ड्रॅग घट्ट करणं ही पहिल्या क्रमांकाची चूक आहे.

9. पॉपिंग

खडकाच्या कडेला पॉपर फेकून तो पाण्यावर फटफट आपटत आणायचा. अंगमेहनतीचा प्रकार. नाळेवर उभं राहताना गुडघे किंचित वाकलेले, मांडी कठड्याला टेकलेली. फेकण्याआधी "फेकतोय" असं ओरडा, मागच्याचं उत्तर आल्याशिवाय हात हलवू नका. बोटीवरच्या सगळ्यांनी चष्मा घातलेला हवा, फेकणाऱ्यानंच नव्हे.

जीटीनं पॉपरवर झडप घातली की पाणी फुटतं आणि माणूस दचकून लगेच रॉड ओढतो. थांबा. वजन हातात आल्यावर रॉडचं टोक खाली ठेवून बाजूला एक-दोन जोरकस हिसके. त्यानंतरचे तीस सेकंद ठरवतात. मासा सरळ खडकाकडे धावतो आणि तिथे पोचला की दोरी कापली गेलीच. चालक बोट मागे घेतो, तुम्ही वाकून धरून ठेवायचं.

पाच-सहा फेकींनंतर पाळी बदला. दमलेला माणूस वाईट फेकतो आणि वाईट फेकलेला गळ दुसऱ्याच्या कानात अडकतो.

10. जिगिंग आणि तळाची मासेमारी

जिग सोडा, तळाला लागला की दोरी सैल पडते, त्याच क्षणी दोन-तीन वेढे गुंडाळा. इथे उशीर केला की जिग खडकात अडकतो. अडकलाच तर रॉडनं ओढू नका आणि दोरी हाताला तर मुळीच गुंडाळू नका. वेणीची दोरी हाताचं बोट कापते, अक्षरशः. खलाशी ती खुंट्याला गुंडाळून तोडतो.

आमिष लावून तळाला हेकरू किंवा तांबोशी धरताना गळ बहुतेक वर्तुळी असतो. धरणावरची सवय इथे नडते. टोचणी लागली की आपण झटका देतो आणि वर्तुळी गळ तोंडातून अलगद निसटून येतो. झटका नाही, फक्त स्थिर गुंडाळत राहा. गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो.

11. मासा ओढताना

रॉड हळू वर उचला. उचलताना रील फिरवायचं नाही. खाली नेताना फिरवायचं. एवढाच लयीचा खेळ आहे, पण गडबडीत उलट होतं.

मासा दोरी ओढून नेत असताना हँडल फिरवणं निरर्थक आहे. स्पिनिंग रीलमध्ये त्यानं दोरीला पीळ पडतो आणि पुढच्या फेकीत गुंता होतो. तो पळतोय तोवर श्वास घ्या, पाय नीट ठेवा.

रॉड डोक्यावर उभा करू नका. मासा बोटीखाली असताना रॉड उभा केला की टोकापाशी मोडतो. क्षितिजाच्या थोडा वर, त्याहून जास्त नाही. मासा बोटीखालून दुसऱ्या बाजूला गेला तर रॉडचं टोक पाण्यात घालून नाळेकडून फिरून जा.

हात सुन्न पडले तर रॉड दुसऱ्याला द्या. विक्रमाच्या नियमांत ते बसत नाही, पण आपण विक्रमाला आलेलो नसतो. दमवून-दमवून अर्धमेला केलेला मासा सोडला तरी जगत नाही.

12. मासा बोटीशी आल्यावर

लीडर खलाशीच धरणार. तुम्ही एक पाऊल मागे, दोरी ताणलेली, ड्रॅग थोडा सैल, कारण शेवटची धाव इथेच असते. बोटीवर आणलेल्या वाहूच्या तोंडाजवळ हात नेऊ नका, मेल्यावरही त्याचे दात कापतात. सेलफिशच्या चोचीसमोर उभं राहू नका.

सोडायचा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा, मासा नंतर उचला. ओले हात, एक हात शेपटीच्या देठाशी, दुसरा पोटाखाली, आडवा. जबड्याला धरून उभा लटकवला तर स्वतःच्याच वजनानं त्याला आतून इजा होते. अर्ध्या मिनिटात परत पाण्यात. बोट हळू पुढे जात असताना तोंड समोर करून धरा, कल्ल्यांतून पाणी वाहू द्या, तो स्वतः शेपटी मारून हात सोडवेपर्यंत.

खोलवरून आलेल्या हेकरूचं पोट तोंडातून बाहेर आलेलं दिसतं. आत हवा फुगल्यामुळे ते होतं. त्याला टोचू नका. वजन लावून मासा पुन्हा खोल सोडायचं साधन बोटीवर असेल तर तेच वापरा. नसेल तर तळाची मासेमारी दोन-चार माशांवर थांबवा.

व्हेल शार्क, करवत मासा, कासव आणि महाकाय हेकरू यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. चुकून लागले तर दोरी गळाजवळ कापून सोडून द्यायचे, फोटोसाठी वर घ्यायचे नाहीत.

ठेवायचा असेल तर फक्त खायला लागेल तेवढा. टुना लगेच रक्त काढून बर्फ आणि समुद्राच्या पाण्याच्या मिश्रणात बुडवा. टुना आणि माही-माही उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामाइन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. खडकातले मोठे बाराकुडा आणि मोठे हेकरू खाऊच नका. त्यांच्यात सिग्वाटॉक्सिन नावाचं विष साठलेलं असू शकतं. ते चवीला, वासाला कळत नाही आणि तळून-उकळूनही टिकतं. मासा पुण्याला आणायचा बेत सोडा आणि हॉटेलच्या स्वयंपाक्याकडे द्या.

13. गळ माणसात घुसला तर

आधी लूर दोरीपासून कापा. मासा लटकलेला असेल तर त्यालाही वेगळं करा, नाहीतर त्याच्या प्रत्येक हिसक्याला गळ आणखी खोल जातो. डोळ्याजवळ, मानेत किंवा सांध्यात घुसला असेल तर काढायचा प्रयत्न नाही. हलू नये असा पट्टीनं स्थिर करा आणि बोट परत फिरवा, तिथे दिवस संपला. बोटाच्या किंवा दंडाच्या मांसात असेल आणि उलटा काटा आधीच दाबलेला असेल, तर तो आल्या वाटेनं निघतो. पकडीनं काटे दाबायचा आग्रह यासाठीच होता.

14. परतल्यावर

खलाशांना बक्षिशी रोख द्या, चालकाच्या हातात सगळी न देता प्रत्येकाला वेगळी.

स्वतःची रीलं असतील तर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा. जोराची धार मारली तर मीठ आत ढकललं जातं. पुसून, सावलीत वाळवून मग ड्रॅग पूर्ण सैल करा. लूर बादलीत बुडवून ठेवा. ओले गळ तसेच बॅगेत भरले तर पुण्याला पोचेपर्यंत सगळा डबा गंजलेला असतो.

रात्री पलंगावर पडल्यावरही बोट हलतेय असं वाटेल. बहुतेकांचं ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जातं. अंगात गोळीची गुंगीही असते. हॅवलॉकला भाड्याची स्कूटर घेतली असेल, तर त्या संध्याकाळी किल्ली बोटीवर न आलेल्या माणसाकडे द्या.